मला मोटर बसवली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुने शिलाई मशीन आहे. पायाने चालणारे, काळ्या अंगाचे. माझ्या अंगावर एके काळी सोनेरी वेलबुट्टी होती. ती आता मलाच काय ती आठवते.

माझी उमेदीची वर्षे गणवेश शिवणाऱ्या एका कार्यशाळेत गेली. तिथे दिवसभर असा खडखडाट चाले की शेजाऱ्याशी बोलायचे तर आधी त्याला कोपराने ढोसावे लागे. माझ्यावर मास्तर बसायचे. शिंप्याला सगळेच मास्तर म्हणतात, पण यांना मास्तर म्हणताना लोकांचा आवाज आपोआप खाली यायचा. आमच्या मागे इस्त्रीच्या टेबलाशी त्यांचा मित्र उभा असे. "मास्तर, शिवण तुझी सरळ, पण तू मात्र वाकडा!" असे तो रोज म्हणे आणि मास्तर रोज नव्याने हसत.

पुढे तिथे विजेची मशीने आली. मास्तरांचेही वय झाले होते. निरोपाच्या दिवशी मालक म्हणाले, "हे घेऊन जा. तुमच्याशिवाय हे कुणाचं ऐकणारही नाही." अशी आमची दोघांची निवृत्ती एकदमच झाली.

मास्तरांचे घर दुसऱ्या मजल्यावर होते. मला खिडकीशी जागा मिळाली. कुणाची पँट आखूड करायची, कुणाच्या पिशवीचा बंद लावायचा, अशी किरकोळ कामे येत. मास्तर सकाळभर पाय चालवत. दोरा हवा की जिना उतरत, बटण हवे की पुन्हा जिना उतरत. दोन्ही एकदम आणायला ते मुद्दाम विसरत, असा त्यांच्या बायकोचा आरोप होता आणि तो खरा होता.

संध्याकाळी खालून त्या इस्त्रीवाल्या मित्राची हाक येई. "मास्तर, उतरतोस की मी येऊ वर?" दम्यामुळे त्याला जिना चढवत नसे. हे दोघांनाही ठाऊक होते, तरी तो तसेच विचारी. मग दोघे कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत चालत जात. मित्रांनो, ते माझे सर्वांत सुखाचे दिवस होते.

एके दिवशी मास्तरांचा मुलगा खोके घेऊन आला. "बाबा, जन्मभर पाय घासलेत. आता नुसतं टेकवायचं, मशीन आपोआप पळेल." त्याने माझा चामड्याचा पट्टा काढला आणि मला मोटर बसवली. खोटे कशाला सांगू, मीही हुरळून गेले. मास्तर मात्र जुन्या पायडलकडे बघत राहिले. मुलाचा आनंद पाहून म्हणाले, "झकास आहे रे."

मग सून दोरे-बटणे आणून देऊ लागली. गिऱ्हाइके वर येऊ लागली. घराने मास्तरांना तळहाताच्या फोडासारखे जपले. बायको म्हणे, "अहो, चार पावलं तरी टाका." ते म्हणत, "कशाला? सगळं हाताशी तर आहे."

हळूहळू त्यांचे गुडघे धरले. उठताना ते माझ्या फळीचा आधार घेऊ लागले. मग जिना सुटला. संध्याकाळची हाक येई, तेव्हा ते खिडकीतूनच म्हणत, "आज नको रे, उद्या बघू."

एकदा त्यांनी असे म्हटल्यावर थोड्या वेळाने जिन्यातून खोकला ऐकू आला. बायकोने दार उघडून पाहिले. इस्त्रीवाला पहिल्या मजल्याच्या वळणावर कठड्याला धरून धापा टाकत बसला होता. तिने त्याला पाणी दिले. "सांगा त्याला, आलो होतो म्हणून," एवढे बोलून तो खाली उतरला. त्यानंतर त्याची हाक आली नाही.

काही दिवसांनी त्याची अंत्ययात्रा आमच्या खिडकीखालून गेली. मास्तर माझ्यावर दोन्ही हात टेकवून उभे राहिले. "मला खाली न्या रे," ते म्हणाले. मुलगा आणि शेजारी खुर्ची घेऊन धावले, पण त्यांना खुर्चीत बसवून दारापर्यंत आणेतो रस्ता रिकामा झाला होता. मास्तर रडले. मीही रडले असते, पण माझ्यात फक्त तेल आहे.

दुसऱ्या दिवशी मुलाने मोटर काढली. जुना पट्टा शोधून पुन्हा चढवला आणि मास्तरांचे पाय पायडलवर ठेवले. त्यांनी जोर लावला. चाक उलटे फिरले आणि दोरा तटकन तुटला. नवशिक्याकडून तुटतो, तसा. मास्तर खाली मान घालून बसले. तेव्हा मुलाने माझ्या चाकावर हात ठेवला आणि पहिला फेरा दिला. "हं, बाबा, आता चालवा."

आता रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी तो पहिला फेरा देतो. मास्तरांचे पाय थोडे सुटलेही आहेत. परवा ते कठडा धरून पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत उतरले आणि तिथेच पायरीवर कितीतरी वेळ बसून राहिले.

मित्रांनो, आपल्या म्हाताऱ्या माणसांना जरूर जपा, पण त्यांच्या पायांचे काम काढून घेऊ नका. दोरा त्यांचा त्यांना आणू द्या. बटण विसरले, तर पुन्हा जाऊ द्या.

काल संध्याकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, आठवडाभरात तुम्ही पार खाली उतराल बघा."

"उतरेन की," मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पण हाक कोण मारणार?"