आत्याने रिकामा केलेला प्याला

ते १९६४ साल. काकाने दारू सोडली ती त्या वर्षी. तशी तो दरवर्षीच सोडायचा, म्हणून सुरुवातीला कोणी मनावर घेतलं नाही. काकू तर लेकीला घेऊन केव्हाच माहेरी निघून गेली होती. छापखान्यात काका मोठं यंत्र चालवायचा. मालकाने त्याला परत घेतलं, पण कागदांचे गठ्ठे उचलायला. राहायला तो आमच्याकडे आला, म्हणजे आत्याकडे. आईवडिलांमागे मलाही तिनेच वाढवलं होतं.

आत्या काकाची थोरली बहीण. शाळेत शिवण शिकवायची. लग्न केलं नव्हतं. गल्लीत तिला सगळे फौजदार म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं. त्यासाठीचा द्राक्षारस आत्या घरी करायची. मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, खमीर घालून मोठ्या बरणीत ठेवायच्या. ती बरणी तिने कधी साबणाने धुतली नाही. "साबणाने चव मरते," म्हणायची.

आणि नेमका तो द्राक्षारसच काकाचं दुखणं होता. प्याला वेदीवरून उचलला गेला, की तो मागच्या बाकावरून उठून फाटकाबाहेर जाऊन उभा राहायचा. फाटकासमोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे गुत्ता.

एकदा पाळकसाहेब चहाला आले असताना त्यांनी विषय काढला. "तू नुसती भाकर घे. प्याला पुढे जाऊ दे. प्रभू काही हिशेब विचारणार नाही."

"प्रभू नाही हो विचारणार," काका म्हणाला, "पण चर्चचे खजिनदार विचारतील. त्यांची मान तशीही माझ्याकडेच वळलेली असते. प्याला नाकारला की अख्ख्या मंडळीला कळणार, हा अजून त्यातलाच."

"मग?"

"मग काय, आहे ते बरं आहे. तुमचा एक घोट तिथेच संपतो, साहेब. माझा तिथून सुरू होतो."

साहेब गेल्यावर आत्या बराच वेळ कपबश्या विसळत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "फाटकाबाहेर उभा राहिलेला माणूस किती दिवस नुसताच उभा राहील गं?"

तिने ठरवलं, या वेळी नुसता गोड रस करायचा. मनुका उकळायच्या, गाळायच्या, खमिराचं नाव नाही. पाळकसाहेबांना सांगितलं, काकाला सांगितलं, बाकी कोणाला नाही. काका दोन्ही हातांनी डोकं धरून बसला. मग म्हणाला, "ताई, नक्की ना?"

"मी काय आज पहिल्यांदा मनुका बघतेय? गुमान शर्टाला इस्त्री कर."

त्याने काकूलाही निरोप धाडला: या रविवारी मी सगळ्यांबरोबर गुडघे टेकणार आहे, जमलं तर ये.

पण आत्याला कुठलंही काम आयत्या वेळी केलेलं खपत नसे. रस तिने आठवडाभर आधीच केला. आणि नेहमीच्या सवयीने त्याच बरणीत भरून, चुलीशेजारच्या उबेला ठेवून दिला.

रविवारी आम्ही पहिल्या रांगेत गुडघे टेकले. आधी आत्या, मग काका, मग मी. काकू आली होती. मागे भिंतीला टेकून, लेकीचा हात घट्ट धरून उभी होती. सगळ्यांना आपल्या हाताने देऊन पाळकसाहेब स्वतः शेवटी घेत, त्यामुळे प्याला काठोकाठ भरलेला. भाकर झाली. साहेबांनी प्याला आत्याच्या ओठांना लावला.

मी बघत होते. आत्याने घोट घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले. साहेब प्याला काढून घेऊ लागले, तर तिने तो दोन्ही हातांनी पकडला.

"बाई, एकच घोट," साहेब पुटपुटले.

"सोडा तुम्ही!" आत्या म्हणाली. तिचं कुजबुजणंही शेवटच्या बाकापर्यंत जायचं. मग तिने डोळे मिटले आणि औषध घेतल्यासारखा तो अख्खा प्याला घटाघट पिऊन टाकला. तोंड पुसून म्हणाली, "आंबलाय. सगळाच आंबलाय!"

साहेबांनी रिकाम्या प्याल्यात बघितलं, मग काकाकडे. काकाचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. साहेबांनी प्याला वेदीवर नेऊन ठेवला आणि सरळ सांगितलं, "आज प्याला नाही. आज सगळ्यांना भाकरच."

"म्हणजे अर्धंच प्रभुभोजन?" खजिनदार उभे राहिले.

"ज्याचं भोजन आहे त्याची तक्रार नाही. तुम्ही बसा."

कोणीतरी फिसकन हसलं. मग एकेक रांग पुढे आली, भाकर घेऊन गेली. काका शेवटपर्यंत गुडघ्यांवरच होता. त्या दिवशी तो बाहेर गेला नाही.

घरी जाताना आत्याचा एक हात काकाच्या खांद्यावर, दुसरा माझ्या. तिने एका दिव्याच्या खांबाला नीट उभं राहायला फर्मावलं आणि भजनाचं तेच कडवं पुन्हा पुन्हा म्हटलं. काका आधी हसला. मग चालता चालताच रडायला लागला.

"वास मला आधीच आला होता, ताई. तू ओठांशी नेलास तेव्हाच. आणि तरी मी तोंड उघडणार होतो. लाजेपायी."

"माहीत आहे मला," आत्या म्हणाली. थोडं चालून तिने विचारलं, "धाकट्या, मी पाप केलं का रे? देवाच्या घरात झिंगले."

"नाही गं," काका म्हणाला. "माझ्या वाट्याचं प्यायलीस तू."

काकू मागून येत होती. पुढे होऊन तिने माझ्या जागी आत्याला आधार दिला.

त्यानंतर काका एकदा घसरला, हिवाळ्यात. पण सकाळी स्वतःच्या पायांनी पाळकसाहेबांच्या दारात जाऊन बसला. पुन्हा कधी प्यायला नाही. मोठं यंत्र त्याला परत मिळालं, आणि निवृत्तीपर्यंत ते त्याच्याकडेच राहिलं. म्हातारपणी तो चर्चच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसे. समोरून कोणी झोकांड्या देत निघालं, की त्याला घरी सोडून येई. काकू त्याच्यामागे चार वर्षं जगली. त्यांची लेक परिचारिका झाली. पाळकसाहेबांची बदली झाली; नाताळात त्यांचं पत्र यायचं, त्यात आधी फौजदारांची चौकशी. त्यांच्यानंतर मंडळीने गोड रसच ठरवला, आणि मनुका कोणी आणायच्या? तर खजिनदार. तेही निवडून निवडून.

आत्या काकाच्या आधीच, एक्क्याऐंशीव्या वर्षी गेली, झोपेत. तिच्या अंत्यविधीला काकाला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उभा राहिला, तिच्याकडे बघितलं, "माझ्या वाट्याचं प्यायली ती," एवढंच म्हणाला आणि खाली बसला. आम्हाला सगळ्यांना कळलं.