चिकट रुमाल

सकाळचे सात वाजले होते आणि सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे उपाशीपोटी आलेले. मंचावर बाबा हातातला चमचा नाचवत होता.

"डॉक्टर गोळ्या देतात, मी झोप देतो! रात्री तुम्ही झोपता, पण साखर जागी राहते. मी तिला अंगाई गातो!"

लोक टाळ्या पिटत होते. रांगेत बसलेली केकवाली तेवढी टाळ्या वाजवत नव्हती.

वीस वर्षं ती बेकरीत केकवर साखरेची नक्षी काढत होती. आज सुट्टी टाकून आली होती ती थोरल्या भावासाठी. दादा रोज झोपताना बाबाचा मंतरलेला पाक चमचाभर गिळायचा, आणि तीन आठवड्यांपासून त्याने मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती. मोजा काढला की घरभर वास सुटायचा. वहिनी रडून रडून थकली, पण ऐकेल तो दादा कसला!

त्याची पाळी आली. शिष्याने कोमट, सुगंधी 'शुद्धीचा रुमाल' पुढे केला. दादाने बोटं पुसली, सुई टोचली. साखर मोजायच्या यंत्रावर आकडा आला चारशे ऐंशी. लोक हळहळले. बाबाने दादाच्या टाळूला चमचा टेकवला, काहीतरी पुटपुटला, तांब्यातल्या पाण्याने हात धुवायला लावले आणि पुन्हा सुई टोचली. दोनशे साठ!

"पाहिलंत? एका मंत्रात अर्धी साखर पळाली!"

दादा फुलून खाली आला. "बघितलंस? तुला मेलीला सगळ्यातच खोट दिसते."

"अरे, गोळ्या घेत होतास तेव्हा सकाळी दीडशे असायची. दोनशे साठचं कसलं कौतुक?"

"मशीन काय खोटं बोलतं?"

तेवढ्यात रुमालाचं तबक तिच्या रांगेत आलं. तिने बोटं पुसली आणि ती जराशाने एकमेकांना चिकटली. हा चिकटा तिने झोपेतही ओळखला असता. साखरेचं पाणी! मागच्या वर्षी बेकरीत तपासणीला नर्स आली होती. हिने नक्षीचं काम टाकून तसंच बोट पुढे केलं, तर आकडा चारशेच्या वर. "अहो बाई, हात धुवून या! मी केक तपासायला नाही आले," नर्स म्हणाली होती. हात धुतल्यावर ब्याण्णव.

शी! म्हणजे रोग्याच्या बोटाला साखर फासायची आणि ती धुतली की मंत्राचा जयजयकार. एवढ्यावर माझ्या भावाचा पाय सडवतो हा!

ती थेट मंचावर चढली. "मला मधुमेह नाही. माझी तपासा."

यंत्र म्हणालं, तीनशे सत्तर.

"माते, भयंकर रोग आहे तुला!" बाबा कळवळला.

"थांबा." तिने पिशवीतली पाण्याची बाटली काढून दुसरा हात चोळून धुतला, पदराला पुसला. शिष्य मागे सरकला, तसं तिने यंत्र ओढून घेऊन स्वतःच सुई टोचली. एक्याण्णव. "ना मंत्र, ना चमचा. आता ज्याला शंका असेल त्याने हा रुमाल चाटून बघावा!"

पहिल्या रांगेतल्या म्हातारीने खरंच चाटला. "अगं बाई, गोड!" बाबाने वीज गेल्याचं निमित्त केलं, पण दिवे लख्ख जळत होते. तरीही दोघेतिघे केकवालीवरच ओरडले, "आमच्या श्रद्धेला हात लावू नका!" तिला बाबापेक्षा त्यांचीच जास्त किळस आली.

दादा आपल्या मोज्याकडे बघत होता. दुपारी तो तिच्याबरोबर दवाखान्यात गेला.

"पहाटे शरीर स्वतःच रक्तात साखर सोडतं," डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "म्हणून उपाशीपोटीही ती चढते. त्यात झोपताना पाक म्हणजे आगीत तेल. कुणाला झोपताना मूठभर दाणे किंवा अंडं चालतं, कुणाला काहीच नको. तुमचं काय ते आकडे बघून ठरवू. पण गोळ्या विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत."

पाय वाचला, अंगठा गेला.

आता दादा रोज सकाळी साबणाने हात धुतो, कोरडे करतो आणि मग बोट टोचतो. कुणी चमत्काराची गोष्ट काढली की चप्पल काढून पाय दाखवतो आणि म्हणतो, "आधी हात धुवा, मग मोजा. विश्वास त्याच्यानंतर ठेवा."