मी कापलेला पूल

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. शिंप्याची, लोखंडी, चांगली जड. लहान मुलाने मला उचलले तर त्याचे मनगट वाकते. आज मी तुम्हाला माझी कहाणी सांगणार आहे, आणि आधीच सांगते, मी वैतागलेली आहे.

लोहाराने मला भट्टीत तापवले, ठोकले, घडवले. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिथून मी एका शिंप्याच्या दुकानात आले. मास्तर कापड टेबलावर पसरत, खडूने रेघा मारत, बराच वेळ नुसते बघत उभे राहत आणि मग मला उचलत. एकदा कापले की विषय संपला. गिऱ्हाइके म्हणत, "मास्तर, तुमच्या कात्रीचा आवाज ऐकत बसावंसं वाटतं." मी फुगून जात असे. मला कागद कापायला कोणी हात लावायचा नाही, असा मास्तरांचा दंडक होता. कागदाने धार मरते.

मास्तर गेले, दुकानही गेले. मी त्यांच्या मुलीकडे आले. ती लेखिका होती. आणि मित्रांनो, तिने मला काय कापायला लावले? कागद!

ती जुन्या काळची कादंबरी लिहीत होती. तिचे गाव एकदा शत्रूने जाळले होते, त्या दिवसाची. लिहिण्याची रीत मात्र शिंप्याच्या घरची. लिहिलेली पाने जमिनीवर पसरायची, त्यांच्या पट्ट्या कापायच्या, पट्ट्या मागेपुढे सरकवायच्या आणि टाचण्यांनी जोडायच्या. कच्ची शिवणच ती. मग वाचून बघायचे, नाक मुरडायचे आणि सगळे उसवायचे. बाप एकदा कापायचा. ही सकाळी कापलेले वाक्य जेवून जोडायची आणि चहा पिऊन परत कापायची. बिचारी कादंबरीतली गाय! ती गोठ्यातून अंगणात आणि अंगणातून गोठ्यात एवढी फिरली, की खरी असती तर आटली असती.

ही गोष्ट लेखिकेला तिच्या आत्याने सांगितली होती. आत्या म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. तिला दिसत कमी होते, म्हणून लेखिका लिहिलेले तिला वाचून दाखवी. गाव जळत होते तेव्हा आत्याची पणजी लहानग्या लेकीला कडेवर घेऊन, नवऱ्याची वाट बघत पुलावर उभी होती. नवरा आलाच नाही. सगळी कादंबरी त्या पुलावर उभी होती.

आणि सगळे लिहून झाल्यावर लेखिकेला पूल बघायला जायची बुद्धी झाली. आधी नाही! कमानीच्या दगडावर पूल बांधल्याचे साल कोरलेले होते. गाव जळल्यानंतर कितीतरी वर्षांनी तो बांधला होता.

घरी येऊन ती म्हणाली, "आत्या, पूल काढावा लागणार."

"का? तुझ्या बापाचा आहे का पूल?"

"अगं, तेव्हा तो नव्हताच."

"वा गं शहाणे! दगडावर विश्वास आणि माझ्यावर नाही? पूल नको असेल तर माझी पणजीपण नको. उतरव तिला तुझ्या पुस्तकातून."

लेखिकेचा चेहरा पडला. पणजी गेली तर पुस्तकात उरणार काय? नुसता धूर.

मग माझे हाल सुरू झाले. पूल कापला, होडी जोडली. आत्या म्हणाली, "होडी होती तर बसून गेली का नाही? वेडी होती का?" होडी कापली, दोरांचा झुलता पूल जोडला. "कडेवर पोर घेऊन झोके घेत होती वाटतं!" तोही कापला आणि जिथून लोक चालत नदी ओलांडत, तो उथळ उतार जोडला. "गुडघाभर पाण्यात? माझी पणजी म्हणजे काय म्हैस आहे?" माझा मधला खिळा ढिला झाला.

शेवटी लेखिकेने मला जमिनीवर आपटले. "तू होतीस का तिथे बघायला?"

"मी नव्हते, माझी आजी होती! डोळ्यांनी बघितलंय तिने. सासरहून माहेरी आली की आई तिला पुलावरच दिसायची. हाताला धरून घरी आणायची ती आईला."

लेखिका हळूच म्हणाली, "आत्या, सासरहून? गाव जळलं तेव्हा तुझी आजी कडेवर होती ना?"

आत्याने बोटांवर वर्षे मोजली.

"म्हणजे पूल झाल्यावरही ती जात होती?" आत्याने विचारले.

"हो गं. पूल त्या उतारावरच बांधलाय. जागा तीच," लेखिका म्हणाली.

"मला वाटायचं, एकच दिवस उभी होती," आत्या म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

लेखिकेने रद्दी पट्ट्यांची टोपली उपडी करून कापलेला पूल शोधून काढला. आता पहिल्या प्रकरणात पणजी गुडघाभर पाण्यात उभी आहे, आणि शेवटच्या प्रकरणात तीच, केस पिकलेली, पुलावर. ऐकून आत्या म्हणाली, "आता हिला तिथून हलवायचं नाही."

मित्रांनो, लिहा, खोडा, कापा. माझ्या खिळ्याला अधूनमधून थेंबभर तेल द्या, म्हणजे झाले. पण घरातले म्हातारे माणूस चुकीचे सांगते आहे असे वाटले, तर मला उचलण्याआधी त्याला आणखी एक प्रश्न विचारा. तेवढा वेळ मी थांबेन. वैतागून का होईना, थांबेन.