फॉलोअर्स बासष्ट

विनोदिनीने यादीचा कच्चा कागद चहाच्या कपाशेजारून बाबांपुढे सरकवला. कचेरीतलं महत्त्वाचं काहीही टाइप करण्याआधी ती ते वडिलांकडून तपासून घेई, आणि दर वेळी त्यांना चिडवी. फौजेत कारकून असताना नरहरबाबांची बाहीवरची हुद्द्याची एक फीत टायपिंगच्या चुकीपायीच गेली होती.

साल २०००. राज्य नवं, राजधानी नवी, त्यामुळे साहेबलोकांना जागा हव्या होत्या. तेलीबांध्याकडची जुनी क्वार्टरं पंधरा दिवसांत खाली व्हायची होती. यादीत छत्तीस बाबू, छत्तीस दुसरी घरं. मागच्या खोल्यांतले धोबी, सफाईवाले, आया अशी अकरा कुटुंबं मात्र कुठेच नव्हती. तिने विचारलं, तर साहेब म्हणाले होते, वे लोग अपना देख लेंगे. नव्या राज्यात तिची नेमणूक अजून कायम व्हायची होती. तिने यादी तशीच उतरवून घेतली होती.

बाबांनी यादी दोनदा वाचली. मग चष्मा पुसत राहिले, लागतो त्याहून जास्त वेळ.

"आमच्याकडे फौजेत यांले फॉलोअर म्हणत," ते म्हणाले.

१९४१ साली ते कैरोच्या हेडक्वार्टरात होते. भूमध्य समुद्रातल्या एका बेटावरून फौज काढायची होती. कोण कोणत्या जहाजात, आधी कोण, मागून कोण, तो हुकूम त्यांच्याच मशीनवर उतरला. हुकुमात शिपाई होते, तोफासुद्धा होत्या. स्वयंपाकी, धोबी, भिस्ती मिळून बासष्ट माणसं. त्यांना जहाज नव्हतं.

"मंग?"

"तिसऱ्या जहाजाच्या ओळीत टाइप झालं, फॉलोअर्स बासष्ट. साहेबानं न वाचता सही केली. चौकशीत मी म्हटलं, चूक झाली."

विनोदिनीने कप उचलला, तसाच खाली ठेवला. तीस वर्षं ती त्या चुकीवर हसत आली होती.

"आन् ते बासष्ट?"

"आले ना. उतरल्या उतरल्या पयले चहा टाकला त्यांनी. फीत गेली त्या दिवशी मले दोन कप भेटले."

कागद परत करताना त्यांनी त्यावर एकही खूण केली नव्हती.

चार दिवसांनी साहेबांनी तिला बोलावलं. सही झालेली यादी वर गेली होती, तिच्याप्रमाणे सत्तेचाळीस घरंही वाटून झाली होती. सदतीस ते सत्तेचाळीस या नावांवर त्यांचं बोट होतं.

"ये क्या है, विनोदिनी जी?"

"टाइपिंग मिस्टेक है, सर."

"ग्यारह मिस्टेक?"

"हव."

साहेबांनी यादीची घडी घातली. सर्व्हिस बुकात नोंद होईल, म्हणाले. मेमो आजच निघेल.

"जी," ती म्हणाली. "टाइप मैं ही कर देती हूँ."

आणि जागेवर येऊन तिने मशीनमध्ये कोरा कागद चढवला.