बाईंच्या मुलखातला झेंडू

शाळेत शिकवणाऱ्या अमेरिकन बाईंच्या मागे फुलांचा डबा घेऊन पांडवलेण्यांच्या वाटेनं चालायचं, एवढंच केरूचं काम. पण त्या दिवशी बाईंनी त्याचं डोकंच फिरवलं. घाणेरी दिसली, म्हणाल्या, ही आमच्याकडून आली. निवडुंग दिसला, तोही त्यांच्याकडचा. खार दिसली, तर त्यांच्याकडची हिच्या दुप्पट. केरू दातओठ खात ऐकत राहिला. पायथ्याच्या शेतात झेंडू फुलला होता.

"हासुद्धा आमच्याच मुलखातला," बाई म्हणाल्या.

"उद्या दसरा हाय, बाई. उगा कायपण बोलू नका."

बाई हसल्या. ते हसू केरूला रात्रभर डाचलं. सकाळी बायकोनं, साळूबाईनं, दाराला बांधलेलं झेंडूचं तोरण त्यानं ओरबाडून उकिरड्यावर फेकलं. 

संध्याकाळी बाई सोनं द्यायला आल्या. आळीत तेवढंच दार बोडकं होतं. त्यांनी आपट्याचं पान केरूच्या हातावर ठेवलं. केरूनं चिंधीत धरलेलं निवडुंगाचं काटेरी पान त्यांच्या तळहातावर दाबलं.

"घ्या. तुमचं तुम्हाला."

रक्त आलं, तरी बाईंनी हात मागे घेतला नाही. "दसऱ्याचं सोनं नाकारायचं नसतं, हे तूच शिकवलंस," त्या म्हणाल्या. "उद्यापासून डबा उचलायला येऊ नकोस."

त्या गेल्या. साळूबाई उठली, उकिरड्यावरचं तोरण आणून तिनं झटकलं आणि नवऱ्याकडे न बघता पुन्हा दाराला बांधलं.