बोगद्यातला बोळा

रंगाच्या दुकानातल्या बाईंनी लेबल नसलेल्या डब्याचं झाकण उचकटलं आणि डबा काउंटरवरून मास्तरांकडे सरकवला.

"तुम्हीच सांगा बघू. पाणी लागून लेबल निघालंय. हे थिनर आहे की तुमचं ते रूळ पुसायचं स्पिरिट?"

मास्तर म्हणजे वर्गात शिकवणारे मास्तर नव्हेत. तीस वर्षं त्यांनी एका कॉलेजची रसायनाची प्रयोगशाळा सांभाळली होती, आणि मुलांनी त्यांना लॅबमास्तर म्हणता म्हणता पुढचं 'लॅब' गळून गेलं होतं. त्यांचं नाक तेव्हा नावाजलेलं होतं. दारात उभं राहूनच ते सांगत, तिसऱ्या कपाटातल्या कुठल्या बाटलीचं बूच सैल राहिलंय ते.

त्यांनी डबा हातभर लांब धरला. बाटलीला नाक लावायचं नाही, तळहाताने वाफ हळूच आपल्याकडे ओढायची, हे त्यांनी हजारो मुलांना शिकवलं होतं. त्यांनी तशी ओढली. मग आणखी एकदा ओढली. डब्यात नळाचं पाणी असतं तरी काही फरक पडला नसता.

"लेबल नसलेलं मी घेत नाही," ते म्हणाले.

"घेऊ नका हो. ओळखा नुसतं."

"ओळखतही नाही. माझ्या शब्दावर उद्या तुम्ही ते कुणाला तरी विकाल."

बाईंनी हात जोडले. "तुमच्यापुढे काही चालत नाही." त्यांनी आतून सीलबंद डबा आणला. "मोठा देऊ? सारखं यायला नको."

"लहानच द्या. असली वस्तू घरात लागेल तेवढीच असावी."

"उभा न्या. उन्हात ठेवू नका. जवळपास काही पेटतं नको."

"मला सांगताय?"

"सगळ्यांनाच सांगते. तोंडाला सवय झालीय."

पिशवी सांभाळत मास्तर घराकडे निघाले. नियमाने आज लाज राखली होती. गेल्या वर्षी त्यांना आणि बायकोला एकाच आठवड्यात ताप आला, आठ दिवसांनी दोघंही उठून बसली, पण मास्तरांचं नाक काही परतलं नाही. जिभेला खारट कळे, आंबट कळे. वास मात्र कशालाच नव्हता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. गवयाने आपला गळा गेल्याचं चारचौघांत सांगावं तसं ते झालं असतं. आणि बायकोला सांगावं तर तिची अट होती. वरची खोली रेल्वेसाठी देताना ती म्हणाली होती, "ज्या दिवशी तुम्हाला हे झेपणार नाही, त्या दिवशी सगळं खोक्यात."

तर ही खेळण्यातली रेल्वे. अख्ख्या खोलीभर प्लायवूडच्या पाट्यांवर पसरलेली, अकरा वर्षांची मेहनत. दोन स्टेशनं, एक पूल, जाळीवर प्लास्टर थापून केलेला वीतभर लांबीचा बोगदा, आणि डोंगरावर प्लास्टिकची झाडं, एकेक चिमट्याने लावलेली. रुळांवर काळसर थर धरला की इंजिन आचके देत थांबे. म्हणून महिन्यातून एकदा स्पिरिटने रूळ पुसायचे.

मास्तरांनी नेहमीसारखी तयारी केली. ट्रान्सफॉर्मरची पिन भिंतीतून काढून ठेवली. खिडक्या उघडल्या. एका वाटीत चार चमचे स्पिरिट घेतलं, डब्याला झाकण घट्ट लावून तो बाहेर गॅलरीत ठेवला. शेजारी बादलीत ओला टॉवेल. मग काडीला कापसाचा बोळा गुंडाळून ते रुळांवरून फिरवू लागले. बोळे काळे होऊ लागले आणि त्यांना बरं वाटलं. वापरलेले बोळे झाकणाच्या पत्र्याच्या डबीत जात होते.

वारा जोराचा होता. स्टेशनाचं पुठ्ठ्याचं छप्पर दोनदा उडालं, तेव्हा त्यांनी एक खिडकी ओढून घेतली. नंतर दुसरीही अर्धी.

पूर्वी सगळं वाळलं की नाही ते नाकच सांगायचं. वर्षभर ते काम घड्याळाकडे दिलं होतं. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. तो भरल्यावर त्यांनी पिन लावली, हिरवं इंजिन रुळांवर ठेवलं आणि बटण फिरवलं. इंजिन लोण्यावरून निघाल्यासारखं निघालं. पूल ओलांडला, वळण घेतलं, बोगद्यात शिरलं आणि बाहेर आलंच नाही.

मास्तर वाकले. बोगद्याच्या तोंडाशी हवा थरथरत होती. मग तिला निळसर कड आली आणि वरचं झाड हळूहळू मान टाकू लागलं.

एका हाताने पिन उपटली, दुसऱ्याने ओला टॉवेल बोगद्यावर पसरला. दोन्ही तोंडं दाबून धरली आणि मनातल्या मनात शंभर आकडे मोजले. मग पुन्हा शंभर. टॉवेल उचलला तेव्हा आत काही जळत नव्हतं. बोगदा अलगद वर उचलता येई. तो उचलला तर इंजिनाच्या पुढ्यात कापसाचा एक बोळा, कडेने जळालेला, मधे अजून ओलाच. काडीवरून निसटून तो आत राहिला होता आणि तिथल्या कोंडल्या हवेत वाळलाच नव्हता. चाकाखालच्या ठिणगीला तेवढं पुरलं.

मास्तरांनी बोळा डबीत टाकला, झाकण लावलं, खिडक्या सताड उघडल्या आणि स्टुलावर बसले.  

वर्षापूर्वीचं नाक असतं तर ओला बोळा बोगद्यात आहे हे पिन लावण्याआधीच कळलं असतं. खाली बायको आहे. तिच्या खाली आणखी तीन बिऱ्हाडं. ते मग उठून जिन्याशी गेले.

"अगं, जरा वर येतेस?"

ती ओले हात पदराला पुसत वर आली. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केल्यामुळे कुणाच्याही आवाजातली गडबड तिला चटकन कळे.

"काय झालं? आणि हे पाणी कशाला सांडलंय?"

"बस. एक सांगायचंय. आधी सांग, खोलीत वास येतोय का?"

तिने मान वर करून इकडे तिकडे पाहिलं. "येतोय की. तुमच्या स्पिरिटचा. नेहमीचाच."

"फार?"

"नाही, थोडा. जाईल आता."

"आणखी कसला?"

"आणखी कसला असणार?"

मास्तरांनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. प्लास्टिक जळाल्याचा वास त्यांना पुस्तकासारखा पाठ होता. एकदा एका मुलाने बर्नरवर पेनाचं टोपण धरलं होतं, तर तीन दिवस प्रयोगशाळेत कुणाला बसवत नव्हतं. इथे तर एक झाड वितळून प्लास्टरवर सांडलं होतं. ते तिच्या पाठीमागे होतं. तिने तिकडे पाहिलंच नव्हतं.

"मागे बघ," ते म्हणाले.

तिने वळून पाहिलं. वितळलेलं झाड पाहिलं, काळवंडलेला कापूस चिकटलेला रूळ पाहिला. काय झालं असेल ते तिच्या लक्षात आलं, आणि लगेच, मास्तरांनी आपल्याला कसं पकडलं तेही. ती पलीकडच्या स्टुलावर बसली.

"तापानंतर?" मास्तरांनी विचारलं.

तिने मान हलवली. "तुम्ही मागे लागला असतात. या डॉक्टरकडे चल, त्या डॉक्टरकडे चल. म्हटलं, येईल आपोआप." मग एकदम तिने डोळे बारीक केले. "पण तुम्हाला तर येत होता ना वास? मग हे कसं झालं?"

"मलाही नाही येत."

"कधीपासून?"

"त्याच तापापासून."

 बायकोच्या चेहऱ्यावर काहीतरी जमू लागलं. मास्तरांना वाटलं, रडतेय.

"मग रोज स्वयंपाकघरात येऊन 'काय घमघमाट सुटलाय' म्हणायचात ते?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"आणि मी त्यावर भाजी उतरवायची! तुम्ही म्हणालात की समजायची, झाली." ती हसायला लागली. हसता हसता तिने पदर तोंडाला लावला. "दोनदा दूध करपलं तर तुम्ही दोन्ही वेळा प्यालात."

"तू काही बोलली नाहीस, म्हणून मला वाटलं चांगलं आहे."

आता मास्तरही हसले, गुडघे धरून. वर्षभर दोघंही एकमेकांच्या भरवशावर होती आणि भरवसा मात्र कुणापाशीच नव्हता.

मग दोघांचंही हसू एकदमच थांबलं.

"गॅस," ती म्हणाली.

दोघं जिना उतरली. दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, हे मास्तरांनी तिला आणि तिने त्यांना एकाच वेळी सांगितलं. सिलेंडरचा रेग्युलेटर त्यांनी बंद केला. खिडकी उघडी होतीच. शेगडीची दोन्ही बटणं बंद होती, नळी नवी होती, सगळं जागच्या जागी होतं. पण तसं दिसणं आणि तसं असणं यांतला फरक आत्ताच वर पाहून झाला होता.

"खालच्या बाईंना बोलावू?" बायको म्हणाली.

खालच्या मजल्यावर बेकरीत काम करणारी एक बाई राहत होती. ती दुपारीच कामावरून परते. हाक मारल्यावर ती वर आली, तेव्हा दोघांनी दारातच उभं राहून, एकमेकांची वाक्यं पुरी करत तिला काय ते सांगितलं. ती हसली नाही. चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेली, शेगडीपाशी वाकली, मग जमिनीजवळ बसून सिलेंडरच्या मागे नाक नेलं. मास्तर आणि त्यांची बायको उंबऱ्याशी उभी राहून तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"नाही काका. गॅसचा वास नाही."

"नक्की?"

"नक्की. माझ्या नाकावरच माझी नोकरी आहे. पण ते गळती झाली की वाजणारं यंत्र मिळतं ना, ते आजच आणा. माझ्यावर राहू नका, मी पहाटे चारला जाते." ती उठली. "वर मात्र काहीतरी जळलंय, ते माझ्यापर्यंत आलं होतं. मी निघणारच होते विचारायला."

"आणतो," मास्तर म्हणाले. "आत्ताच जातो. आणि वरचं ते," ते बायकोकडे वळले, "तुझी अट होती. खोकी माळ्यावरच आहेत."

बायकोने ते ऐकलं की नाही कळलं नाही. ती त्या बाईकडे पाहत होती.

"इथे आता कसला वास येतोय गं?" तिने विचारलं.

"इथे? गॅसचा नाही म्हटलं ना, काकू."

"तो नव्हे. नुसताच. आमच्या घराला."

बाई थोडी गोंधळली. मग तिने डोळे मिटून श्वास घेतला. "साबणाचा येतोय. कपडे धुतलेत का? पडदे जरा कुबट झालेत, रागावू नका. आणि लिंबू... कापलेलं लिंबू आहे कुठेतरी."

"फडताळात आहे. अर्धं."

"हां. ताजंय."

मास्तरांनी पायात चपला सरकवल्या होत्या, पण ते दारातच थांबले. बायकोने स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून त्या बाईला पुढे केली आणि स्वतः तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"आणखी?" ती म्हणाली. "सांग ना. आणखी कसला येतोय?"