बावीस दिवसांची नोटीस

मित्रांनो, मी जन्माने झाडाची साल आणि नोकरीने सूचनाफलक आहे. ज्याच्या सालीची बाटल्यांना बुचे करतात, ते झाड साल सोलली तरी मरत नाही. नऊ-दहा वर्षांत पुन्हा साल धरते. तशाच सालीचा भुगा दाबून मला घडवले. माझ्या पेशींत हवा असते, म्हणून टाचणी निघाली की भोक हळूहळू आखडते. दुपारी खिडकीतून तिरपे ऊन आले की वाटते, मी अजून झाडावरच आहे आणि अंगावरचे कागद ही पाने आहेत.

विवाह नोंदणी कार्यालयाच्या बोळात मी टांगलेला आहे. लग्न करू इच्छिणाऱ्यांची नोटीस माझ्यावर तीस दिवस लागते. तेवढ्यात कोणी लेखी हरकत घेतली नाही, तर लग्न होते. कितीतरी जोडप्यांनी माझ्याशेजारी हसून फोटो काढले. नंतर कोणी फिरकले नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही. थोडेसे वाटते.

नोटिसा लावणाऱ्या कारकुनांना सगळे टाचणीकाका म्हणतात. अर्ज ते वाचत नाहीत, तपासतात. फोटो, तारखा, साक्षीदार. आणि खाडाखोड असेल तर शेजारी सही.

एकदा दोघी आल्या. एक चष्मे दुरुस्त करणारी, दुसरी मुलांना पोहायला शिकवणारी. अकरा वर्षे एका घरात राहत होत्या. अर्ज नाकारतील, मग तो नकार लेखी घेऊन न्यायालयात जायचे, असे ठरवून आल्या होत्या. अर्जातला 'वर' त्यांनी पट्टीने रेघ मारून खोडला होता, खाली 'वधू' लिहून दोघींनी सह्या केल्या होत्या. काकांनी सह्या पाहिल्या, मान डोलावली आणि चार टाचण्यांनी नोटीस मला टोचली.

"झालं?" पोहायला शिकवणारीने विचारले.

"तीस दिवसांनी या."

दोघी पाण्यावरून चालल्यासारख्या जिन्याकडे गेल्या.

तिसऱ्या दिवशी बोळात घोळका जमला. "काका, इथे नवरदेवच नाही."

"खाडाखोडीवर सही आहे ना?" काका म्हणाले. मग चष्मा लावून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नोटीस वाचली. बराच वेळ वाचली. काढली मात्र नाही. लागलेली नोटीस हरकतीशिवाय काढायची नाही, हा त्यांचा नियम.

एक वकील म्हणाले, "न्यायालय म्हणतं, कायदा बदलणं लोकप्रतिनिधींचं काम."

नातवाच्या लग्नासाठी बाकावर बसलेल्या आजी म्हणाल्या, "आणि ते म्हणतात, समाज तयार नाही. समाजात मी येते ना? मला कुणी विचारलंच नाही."

"मी विचारतो," वकील म्हणाले. "तयार आहात?"

"आधी आमचा नवरदेव वेळेवर येऊ दे, मग सांगते."

अकराव्या दिवशी चष्मेवालीचा धाकटा भाऊ आला. "हरकत घ्यायचीय."

काकांनी छापील अर्ज दिला. कारणांपुढे चौकटी होत्या: वय कमी, आधीचे लग्न कायम, संमती नाही, जवळचे नाते. त्याचे पेन प्रत्येक चौकटीवर थांबून पुढे सरकले.

"लोक हसतात, हे कुठे लिहू?"

"त्याला चौकट नाही."

"तुम्हाला पटतं का हे?"

"मला नका विचारू. बत्तीस वर्षांत मी कुणाचं लग्न वाचलंच नव्हतं."

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. जाताना तो नोटिशीवरच्या फोटोसमोर थबकला. "ताईनं केस कापले वाटतं," तो स्वतःशीच पुटपुटला.

बाविसाव्या दिवशी कार्यालयाच्या साहेबांना वरून फोन आला. तो ठेवून ते काकांना म्हणाले, "काढा ती. कायद्यात बसत नाही. चुकून लागली, असं लिहा नोंदवहीत."

काकांनी चारही टाचण्या एकेक करून काढल्या आणि लिहिले: चुकून लागली. बावीस दिवस होती. एकही लेखी हरकत आली नाही.

"एवढं कशाला?" साहेब म्हणाले.

"खरं आहे, साहेब. आणि खाली सही माझी आहे."

दोघी आल्या तेव्हा चष्मेवालीने मोकळ्या जागेवरून बोट फिरवले आणि त्या नोंदीची शिक्क्यासह प्रत मागितली. ती प्रत आता न्यायालयात आहे. तारखा पडत आहेत.

मित्रांनो, लवकरच माझ्या जागी संगणकाचा चकाकता पडदा येईल. मला जपा, असे मी म्हणत नाही. पण अशी एखादी नोटीस तुमच्यासमोर आली, तर मत देण्याआधी त्यावरची नावे सावकाश वाचा. त्या दोघींचे आठ दिवस अजून द्यायचे राहिले आहेत.